बॅकअप संपेपर्यंत

थोरल्याचा हात आधी चालायचा आणि कान मागून पोचायचे. वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्याच्याशी काही बोलायचं असलं की माणसं हातभर लांब उभी राहून बोलत. धाकट्याला ही सोय नव्हती. त्याचं कॉम्प्युटरचं टेबल थोरल्याच्या मशीनला खेटून होतं, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीही त्याचं कानशील थोरल्याच्या टप्प्यात होतं. घरी वहिनी सुजेवर बर्फ लावताना विचारायची, "आज काय भाऊजी, दार की कपाट?" धाकटा म्हणायचा, "कपाट." वहिनी मान हलवायची. तिच्याही अंगावर अशी दारं-कपाटं बरीच आपटून गेली होती.

दोघं भाऊ मिळून साचे करायचे. औषधाच्या बाटलीचं झाकण म्हणा, चपलेचा तळ म्हणा, खेळण्यातल्या मोटारीचं चाक म्हणा, जे जे प्लास्टिकचं निघतं ते आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटं कोरावं लागतं. धाकटा कॉम्प्युटरवर आकार काढायचा आणि कटरनं कुठून कुठे जायचं त्याचा प्रोग्रॅम लिहायचा. थोरला तो मशीनवर चालवायचा. मशीन वडिलांच्या वेळचं. अंगानं हत्ती, पण डोक्यात काही राहायचं नाही. त्यामुळे लहान पोराला एकेक घास भरवावा तसा कॉम्प्युटर त्याला वायरीतून एकेक ओळ भरवायचा. घास वेळेवर आला नाही की कटर होता तिथेच गरगरत उभा राहायचा आणि पोलादावर डाग पाडायचा. डाग मोहरीएवढा. पण साच्यावर एक डाग म्हणजे प्रत्येक झाकणावर एक फोड, आणि झाकणं निघतात लाखांनी.

आणि या घासाच्या मधे यायचा तो बॅकअप.

तो बसवला होता धाकट्यानंच. रोज दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, मशीन बंद असताना, कॉम्प्युटर आपणहून त्या दिवसाची सगळी कामं एका काळ्या डब्यात उतरवून ठेवायचा. त्या वेळात कॉम्प्युटर मुंगीच्या पावलांनी चालायचा, पण चालेना का, तेव्हा सगळे जेवत असायचे. रात्री बॅकअप लावायची सोय नव्हती. वडील असताना एकदा रात्रीच्या शॉर्टसर्किटनं अर्धं वर्कशॉप जळलं होतं. तेव्हापासून नियम असा की संध्याकाळी सातला मेन स्विच खाली, दाराला कुलूप आणि किल्ली थोरल्याच्या खिशात.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग झाकणवाला आला. सोळा झाकणं एका दमात पाडणारा साचा हवा, असे पाच साचे, दर आठवड्याला एक. थोरल्यानं हो म्हटलं आणि जेवणाची सुट्टी गेली. माणसं पाळीपाळीनं जेवू लागली, मशीन सकाळी आठ ते संध्याकाळी सात अखंड चालू लागलं, रविवारसुद्धा. आणि पहिल्याच दिवशी दीड वाजता बॅकअप आपल्या वेळेला हजर झाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं ना, की आता सुट्टी नाही म्हणून. कॉम्प्युटर अडखळला, मशीननं उचकी दिली आणि सातव्या झाकणाच्या मधोमध डाग पडला.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी त्यानं धाकट्याच्या थोबाडीत मारली, म्हणजे ते नेहमीचं झालं. मग त्यानं काळा डबा वायरीसकट उपटला, ऐरणीवर ठेवला आणि घणाचे चार घाव घातले. आतल्या चकचकीत चकत्यांचे तुकडे उडून लेथच्या खाली गेले.

"तुझ्या डब्यानं माझा साचा खाल्ला," तो म्हणाला. "घे, आता जेव म्हणावं त्याला."

धाकटा गाल धरून उभा होता. त्या डब्यात चौदा वर्षं होती. सहाशे नव्वद साचे, प्रत्येकाचा आकार, प्रत्येकाचा प्रोग्रॅम, प्रत्येकाच्या दुरुस्त्या. थोरल्याचं काम पोलादात उभं असायचं, हात लावून बघता यायचं. धाकट्याचं काम म्हणजे त्या डब्यातलं आणि कॉम्प्युटरमधलं, एवढंच. त्याला लग्न नाही, घर नाही, थोरल्याच्या माडीवर एक खोली. उद्या कुणी विचारलं असतं, चौदा वर्षं काय केलंस, तर दाखवायला त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं. आता त्याची एकच प्रत उरली होती, कॉम्प्युटरच्या पोटात, आणि तो कॉम्प्युटर दहा वर्षांचा म्हातारा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा डबा आणला. पण नवा डबा रिकामा. रोजची थोडीशी भर घालून भागणार नव्हतं, सगळं पहिल्यापासून उतरवायचं होतं, आणि त्याला दोन तासांच्या आसपास लागणार होते. पी हळद अन् हो गोरी, असं इथे चालत नाही. रोज दीडला स्क्रीनवर पाटी यायची, की बॅकअप बाकी आहे, चालू करू का. खाली बटण असायचं, 'पुढे ढकला'. धाकटा मशीनकडे बघायचा, थोरल्याकडे बघायचा आणि बटण दाबायचा. असे अठरा दिवस गेले.

तो काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. बॅकअपचा वेग कमी करून पाहिला, तरी मशीन उचक्या देई. नुसते प्रोग्रॅम उचलावेत म्हटलं, तर सगळं ओझं त्यांचंच. एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "दादा, आज नऊपर्यंत मेन चालू ठेवू? मी बसतो इथे."

"आग लागली त्या रात्रीपासून इथे सातनंतर करंट राहिलेला नाही."

"मी बसतो म्हटलं ना."

"तू बसलास म्हणून आग लागायची थांबते?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता, कारण थोरला हातभर जवळ आला होता.

एकोणिसाव्या दिवशी, तिसरा साचा मशीनवर असताना, कॉम्प्युटरच्या पोटातून आवाज यायला लागला. कट. मग शांतता. मग कट, कट. जिभेनं टाळ्यावर वाजवावं तसा. धाकट्यानं एक जुना प्रोग्रॅम उघडून पाहिला, तो उघडायला चार मिनिटं लागली. दुसरा उघडलाच नाही. त्याची पाचावर धारण बसली. डिस्क मरत होती. तिच्यापाशी तास होते की दिवस, हे सांगणारा कुणी नव्हता.

थोरला बारा वाजता, भट्टीत कडक करायला दिलेला पुढचा ठोकळा आणायला बाहेर पडला होता, तीनपर्यंत परत येणार होता. मशीनचा शेवटचा हात चालू होता, ज्यानं पोलादाला आरशासारखी चमक येते. नऊ झाकणं झाली होती, सात राहिली होती. सहाला झाकणवाल्याची गाडी येणार होती. धाकटा उभा राहून बघत राहिला. नववं झाकण संपवून कटर वर उचलला गेला, त्याच क्षणी त्यानं मशीनचं थांबवायचं बटण दाबलं. सव्वाबारा वाजले होते. त्यानं मशीनची वायर काढली, नवा डबा जोडला आणि चौदा वर्षांचा बॅकअप चालू केला.

लेथवर काम करणारा मामा हातातलं सोडून बघायला लागला. मामा म्हणजे वडिलांच्या वेळचा माणूस, सगळ्या वर्कशॉपचा मामा. "थोरल्याला विचारलंस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग मीही बघितलं नाही," मामा म्हणाला आणि परत लेथकडे वळला.

स्क्रीनवर लिहून आलं, एक तास पन्नास मिनिटं. थोड्या वेळानं अडीच तास. मग एक तास. या आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यानं पावसाच्या अंदाजावर कपडे वाळत घालावेत. धाकटा टक्के बघत बसला. वीस. चाळीस. मधेच डिस्क कटकट करायची, टक्का पाच पाच मिनिटं हलायचा नाही, आणि धाकटा टेबलावर तळहात दाबून तिला समजूत घातल्यासारखा म्हणायचा, "चल बाई, चल, थोडंच राहिलंय."

भट्टी त्या दिवशी बंद होती. थोरला तीनच्या ऐवजी दीडला परत आला.

त्याला आत यायच्या आधीच कळलं. रोज अकरा तास मशीनचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला तो आवाज नसणं दारातूनच ऐकू येतं. तो सरळ मशीनपाशी गेला, काढलेली वायर पाहिली, वर उचललेला कटर पाहिला. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलवर हात ठेवला.

"गार पडलंय," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "कुणी थांबवलं?"

"मी. दादा, ऐक. डिस्क चाललीय. आज उतरवून घेतलं नाही तर सगळं..."

पहिली चपराक इतकी जोरात बसली की धाकटा स्टुलासकट खाली गेला. तो उठला. उठताना त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. एक्क्याऐंशी.

"गार स्पिंडल म्हणजे काय कळतं तुला?" थोरला त्याची कॉलर धरून ओरडत होता. "तापलेलं टूल गार झालं की केसभर वर सरकतं! पुन्हा टेकवायला लागतं! मधे रेघ येते साच्यावर! नऊ झाकणं एका उंचीची आणि सात दुसऱ्या! झाकणवाला काय माझ्या तोंडाकडे बघून घेणार आहे साचा?"

"तू टेकवशील ना. तुझ्याइतकं कुणाला... वीस मिनिटं दे. फक्त वीस मिनिटं, दादा."

"काढ ती वायर."

"नाही."

हा शब्द धाकट्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. मामाचा लेथ बंद झाला. मागे साचे घासणारे दोघं जण उठून उभे राहिले. थोरल्यालाही क्षणभर कळेना, आपण ऐकलं ते काय. मग त्यानं धाकट्याचं डोकं धरलं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं.

भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. धाकट्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली, छाती कॉम्प्युटरला लावली आणि पाठ भावाला दिली. त्याचं गणित पक्कं होतं. वळून हात उचलला असता तर कॉम्प्युटर उघडा पडला असता. थोरल्याला एकदा मारायचं असलं की तो मारतो, आणि मारताना त्याला दुसरं काही सुचत नाही. तेव्हा मार खायचा. जितका वेळ तो मारतोय, तितका वेळ तो वायर उपटत नाही. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, पण धाकटा मेलेला नव्हता, त्याला प्रत्येक ठोसा लागत होता. ब्याऐंशी. त्र्याऐंशी.

"सोड!"

बरगडीत लाथ बसली. धाकट्याचा श्वास गेला आणि परत यायला विसरला. त्याला उलटी आली, ती कीबोर्डच्या बाजूला झाली. चौऱ्याऐंशी. मागून थोरल्यानं त्याची बोटं एकेक करून टेबलावरून सोडवायला घेतली. करंगळी मागे वाकवली, ती काडीसारखी मोडली. धाकटा किंचाळला, पण बाकीची बोटं त्यानं सोडली नाहीत.

"थोरल्या, मरेल तो!" मामा पुढे आला. थोरल्यानं मागे न बघता कोपर मारलं आणि सत्तरीचा मामा कातरलेल्या पोलादाच्या ढिगात जाऊन पडला. घासणारे दोघं होते तिथेच राहिले. त्यांना घरी पोरंबाळं होती.

शहाऐंशीवर डिस्क अडकली. कट, कट, कट. टक्का हलेना. थोरल्यानं मशीनजवळचा पितळी रॉड उचलला होता आणि तो धाकट्याच्या पाठीवर, खांद्यावर, मांडीवर पडत होता, आणि धाकट्याचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे होतं. रॉड कुठे पडतोय यापेक्षा कट कधी थांबतंय हे त्याला महत्त्वाचं होतं. माणसाचं असं कसं होतं, देव जाणे. सत्त्याऐंशी आल्यावर त्याला हसू आलं. खालच्या ओठातून दात आरपार गेला होता, त्या तोंडानं तो हसला.

ते हसू थोरल्यानं पाहिलं आणि त्याचा हात थांबला.

तो धापा टाकत होता. एकोणपन्नास वर्षांचं शरीर, मारायलाही दम लागतो. त्यानं रॉड खाली टेकवला आणि पहिल्यांदाच स्क्रीनकडे नीट पाहिलं. निळी पट्टी, पुढे आकडा. अठ्ठ्याऐंशी. धाकटा कशासाठी मार खातोय हे त्याला आत्ता कळलं.

"ह्याच्यासाठी?" तो म्हणाला. "हवेतल्या कामासाठी?"

"माझं आहे ते," धाकटा म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द धड येत नव्हते. "तुझं सगळं बाहेर आहे. माझं एवढंच आहे. बारा टक्के, दादा. पाया पडतो."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. काय चाललं होतं त्याच्या मनात, कुणाला माहीत. मिनिटांमागून मिनिटं गेली. एक्क्याण्णव झाले, त्र्याण्णव झाले. मामा ढिगातून उठून हातात रुतलेले पोलादाचे तुकडे उपसत होता. धाकट्याला वाटायला लागलं की संपलं, दमला तो, वाचलो. नव्व्याण्णव.

मग थोरला वळला आणि दाराकडे चालू लागला.

दाराशेजारी मेन स्विच होता. लोखंडी पेटी, बाजूला हाताएवढा दांडा. दांडा वर म्हणजे करंट, खाली म्हणजे अंधार. मरत्या डिस्कची वीज अशी मधेच गेली तर ती पुन्हा उठत नाही, आणि डब्यात उतरलेलं अर्धवट काही उघडत नाही. थोरल्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की दांडा ओढला की हे थांबतं.

"दादा!"

थोरल्यानं उजवा हात दांड्यावर ठेवला.

धाकटा टेबलापासून कसा सुटला, मशीनवरचा दीड फुटी पाना त्याच्या हातात कसा आला, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. त्याला आठवत होते ते फक्त पावलांचे धक्के, बरगडीतली कळ आणि समोर लोखंडी दांड्यावरचा तो हात. चाळीस वर्षं त्या हाताचे वळ अंगावर घेतले होते. पण त्या क्षणी त्यातलं काही त्याच्या मनात नव्हतं. हात दांड्यावर होता आणि तो तिथून जायला हवा होता, बस.

पाना खाली आला. हाड आणि लोखंड यांच्यामधे मांस असं चिरडलं की आवाज ओला आला. थोरला ओरडला नाही. त्यानं नुसतं तोंड उघडलं. धाकट्यानं पाना पुन्हा उचलला आणि पुन्हा हाणला, आणि ही दुसरी खेप गरजेची नव्हती, कारण हात पहिल्याच घावाला दांड्यावरून निखळला होता आणि पेटीच्या पत्र्यावर नुसता टेकलेला होता. पहिल्या घावाला कारण होतं. दुसऱ्या घावाला चाळीस वर्षं होती.

थोरला भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला. हात त्यानं मांडीवर ठेवला होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं भलत्याच दिशेला बघत होती आणि त्यांची टोकं राहिली नव्हती.

 मग टेबलावरून एक बारीकशी टिंग आली.

धाकट्यानं आधी स्क्रीनकडे पाहिलं आणि मग भावाकडे. हा क्रम त्यानं पुढे कुणालाही सांगितला नाही, वहिनीलासुद्धा. स्क्रीनवर लिहिलं होतं, बॅकअप पूर्ण झाला.

मामा फडकं घेऊन धावला. थोरल्याचा हात गुंडाळताना म्हातारा मोठ्यानं रडत होता आणि दोघांनाही शिव्या देत होता, त्यांच्या बापालाही देत होता. "गाडी काढतो," तो म्हणाला. "दवाखान्यात चल आधी."

"थांब," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पडला होता. त्यानं धाकट्याकडे पाहिलं. "झालं तुझं?"

"झालं."

"मग मशीन चालू कर."

"दादा, हात..."

"सहाला गाडी येणार आहे. टूल टेकव. मी सांगतो तसं."

नाही कसं म्हणणार? त्यानं लंगडत जाऊन वायर जोडली. टूल टेकवायचं म्हणजे काम तसं दोन मिनिटांचं. पोलादावर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद ठेवायचा, फिरता कटर केसाकेसानं खाली आणायचा आणि कागद बोटांनी मागेपुढे ओढत राहायचं. कटर कागदाला लागला की ओढ बदलते. ती ओढ ज्याला कळली त्याला उंची कळली. चौदा वर्षांत सहाशे नव्वद प्रोग्रॅम धाकट्यानं लिहिले होते आणि त्यातल्या प्रत्येकाची पहिली ओळ थोरल्याच्या बोटांनी ठरवलेल्या त्या उंचीपासून सुरू व्हायची. धाकट्यानं हे कधी केलं नव्हतं. थोरला कधी कुणाला करूच द्यायचा नाही.

"ओढ कागद," थोरला भिंतीशी बसून म्हणाला. "लागतो का?"

"नाही."

"अजून खाली. आता?"

"लागल्यासारखा वाटतोय."

"वाटतोय म्हणजे? कसा लागतो सांग."

धाकट्याच्या उरलेल्या बोटांवर रक्त वाळलं होतं, करंगळी सुजून टम्म झाली होती. कागद ओढला जात होता, कधी जरा जड, कधी हलका. "अडकतोय थोडा," तो म्हणाला.

"अडकायला नको. नुसता... ओल्या केसातनं कंगवा जातो तसा. नाही, तसाही नाही." थोरला शब्द शोधत होता. आयुष्यात त्याला यासाठी शब्द लागले नव्हते. "मला तिथे न्या."

मामानं आधार दिला. थोरला मशीनपाशी उभा राहिला आणि डाव्या हातानं कागद धरला. ओढला. पुन्हा ओढला. डोळे मिटून ओढला. त्याच्या कपाळावर घाम आला. डावा हात त्या कागदाला कागद म्हणूनच ओळखत होता, त्यापलीकडे त्याला काही सांगता येईना.

"बहुतेक हेच," थोरला शेवटी म्हणाला. बहुतेक हा शब्द त्याच्या तोंडात शोभत नव्हता. "चालव."

धाकट्यानं चालवलं. दहाव्या झाकणावर कटर उतरला आणि पहिल्याच फेऱ्यात आवाज बदलला. धाकट्याला काही कळायच्या आत थोरल्याला कळलं. "बंद कर! खोल गेला! बंद कर!" धाकट्यानं बटणावर हात मारला, तोवर कटर आरशासारख्या पोलादात एक रेघ ओढून मोकळा झाला होता. नख लावलं तर अडकेल एवढी. साचा गेला.

धाकट्यानं सवयीनं मान खांद्यात घेतली आणि वाट बघितली. काहीच आलं नाही. त्यानं वर पाहिलं तर थोरला गुंडाळलेल्या हाताकडे बघत होता आणि रडत होता. वडील गेले तेव्हाही तो रडला नव्हता. रडायचं कसं हे त्याला येत नव्हतं, तोंड वेडंवाकडं करून नुसता नाकातून आवाज काढत होता.

"चौदा वर्षांचं वाचलं ना तुझं सगळं?" त्यानं विचारलं.

"वाचलं."

"एकूण एक?"

"एकूण एक, दादा."

"मग आता ते टेकवणार कोण?"

 मामानं गाडी दाराशी आणून लावली होती. धाकट्यानं भावाचं कोपर खालून धरलं, हाताला धक्का लागणार नाही असा, आणि त्याला गाडीपर्यंत नेलं.